उत्तेजनार्थ कंपास पेट्या

कोरेगावाजवळच्या त्या शाळेत माझी गणती कशात करायची, हे कुणालाच कधी ठरवता आलं नाही. मी शिक्षिका नव्हते, शिपाई नव्हते, आणि विद्यार्थिनी होण्याचं वय तर केव्हाच उलटून गेलं होतं. मी मदतनीस. सहावीतल्या एका मुलीचे पाय जन्मापासून चालत नाहीत. तिची चाकाची खुर्ची ढकलायची, वर्गात नेऊन बाकाला लावायची, संडासला न्यायचं, जेवताना ताट धरायचं आणि उरलेला दिवस तिच्याशेजारी गप्प बसायचं, एवढं माझं काम. त्यातलं शेवटचं मला फार जड गेलं. गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही, हे माझ्या सासरचं कुणीही तुम्हाला सांगेल.

पाय सोडले तर पोरीचं बाकी सगळं चालायचं, आणि तोंड जरा जास्तच चालायचं. गणिताचे सर वैतागले की तिला म्हणायचे, बाहेर जा. आता ती एकटी बाहेर जाणार कशी? मग मी उठायचे, खुर्ची वळवायचे आणि आम्ही दोघी व्हरांड्यात. म्हणजे बडबड तिनं करायची आणि वर्गाबाहेर मी उभी. कधी उलटंही व्हायचं. एकदा सरांच्या सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती, ते बघून मला हसू आवरेना. सरांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले. थोड्या वेळानं तिला तहान लागली, पाण्याकडं न्यायला कुणी नाही, म्हणून सरांनी मला परत आत बोलावलं आणि पाणी पाजून झाल्यावर पुन्हा बाहेर जायला सांगितलं. त्या दिवशी मी किती वेळा आतबाहेर केलं ते मलाच ठाऊक.

शाळेच्या ग्रुप फोटोच्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, बाई, तुम्ही खुर्चीमागं खाली बसा, दिसू नका. बसले. तो फोटो अजून हेडमास्तरांच्या खोलीत आहे. त्यात माझे दोन हात आणि बांगड्या तेवढ्या आल्यात. पाहुणे आले की हेडमास्तर त्या बांगड्यांवर बोट ठेवून सांगायचे, आणि ह्या आमच्या मदतनीस.

मी पोरीला बाईसाहेब म्हणायचे, कारण ती सारखा हुकूम सोडायची. ती मला मावशी म्हणायची आणि अगंतुगं करायची. आमचं बरं चाललं होतं. सव्वीस जानेवारी जवळ आली आणि घोडं अडलं.

आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळं सव्वीस जानेवारीला गाव दिवाळीसारखं नटतं. झेंडावंदन झालं की शाळेच्या मैदानावर खेळ होतात आणि खेळांचे पंच ठरलेले असतात, गावातले रिटायर सुभेदार. मिशा, शिट्टी आणि कडक इस्त्रीची पँट. त्यांनी एकदा रेषेवर पाय पडला म्हणून स्वतःच्या नातवाला शर्यतीतून बाद केलं होतं, आणि सूनबाई कितीतरी दिवस त्यांना नुसतं ताट वाढायच्या, बोलायच्या नाहीत. सुभेदारांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट जेवण शांततेत होतं म्हणून ते खूश होते.

ह्या खेळांच्या दिवशी पोरगी दर वर्षी स्टेजच्या सावलीत बसायची. शेवटी हेडमास्तर माइकवर तिचं नाव पुकारायचे, 'उत्तेजनार्थ बक्षीस' म्हणायचे आणि तिच्या मांडीवर एक कंपास पेटी ठेवायचे. टाळ्यांचा नुसता कडकडाट. पहिल्या आलेल्या पोरीलाही एवढ्या टाळ्या मिळायच्या नाहीत. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पोरीनं एकदा हेडमास्तरांना विचारलंही होतं, हे कशाबद्दल? ते म्हणाले, सहभागाबद्दल. ती म्हणाली, मी तर सावलीत बसलेवते. हेडमास्तरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढचं नाव घेतलं.

तिच्या घरी मी पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा फळीवर ह्या पेट्यांची रांग पाहिली. आईनं एकीत मोहरी भरलेली, एकीत जिरं, एकीत केसाच्या पिना, एकीत म्हशीच्या गोळ्या. चहात घालायला आल्याचा तुकडाही एका पेटीतूनच निघाला. आई कौतुकानं म्हणाली, पोरीच्या बक्षिसांनी घर भरलंय. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. मला तेव्हा वाटलं, तिला कंटाळा आला असेल.

तर त्या वर्षी खेळांची नावं द्यायची वेळ आली आणि बाईसाहेबांनी वर्गात हात वर केला. म्हणाल्या, मी संगीत खुर्ची खेळणार. सरांनी माझ्याकडं पाहिलं, जसं काही मीच शिकवलंय. मी तिला हळूच विचारलं, बाई, एवढे खेळ सोडून हाच का? ती म्हणाली, खुर्चीचा खेळ हाय आन माझ्याकडं खुर्ची हाय.

हेडमास्तरांनी आम्हाला खोलीत बोलावलं, सुभेदारांनाही बोलावलं. हेडमास्तर मनानं चांगला माणूस, पण कुठलीही भानगड मिटवायची म्हणजे बक्षीस द्यायचं, हा त्यांचा एकच उपाय. ते पोरीला समजावायला लागले की यंदा कंपास पेटीबरोबर पट्टीपण देऊ. पोरीनं मान हलवली. मग ते म्हणाले, बरं, ढकला हिला सगळ्यांबरोबर, काय बिघडतं, फिरू दे की.

सुभेदार एवढा वेळ उभेच होते. ते म्हणाले, "सर, अडचण वायलीच हाय. ही बसल्यालीच हाय. वाजायचं थांबलं तरी बसल्यालीच. मग ही हरणार कशी?"

हेडमास्तर म्हणाले, अहो, तिनं हरायलाच पाहिजे असं कुठं आहे? सुभेदार म्हणाले, जो हरूच शकत नाही तो खेळाडू नव्हं, तो पाहुणा. मी पोरीकडं पाहिलं. एवढा वेळ तोंड पाडून बसलेली पोरगी सुभेदारांकडं टक लावून बघत होती. मला आधी राग आला त्या माणसाचा, की काय हा दगड. मग तिचं तोंड पाहिलं आणि राग गिळला. तिला नेमकं हेच हवं होतं. सगळ्या गावात हा एकच प्राणी असा निघाला होता, ज्याला ती हरेल कशी ह्याची काळजी पडली होती.

मग सुरू झाला विचार. हेडमास्तर म्हणाले, मदतनीस बाईंनी मुलीला कडेवर घेऊन पळायचं आणि थांबलं की खुर्चीत बसायचं. लगेच तालीम झाली. मी पोरीला उचललं, हेडमास्तरांच्या खुर्चीभोवती फिरले, सुभेदारांनी शिट्टी मारली, मी धपकन बसले, पोरगी माझ्या मांडीवर. सुभेदार वाकले, चारी बाजूंनी बघितलं आणि निकाल दिला की खुर्चीत बाई बसल्यात, मुलगी बाईंवर बसली आहे, तेव्हा नंबर आला तर तो बाईंचा. हेडमास्तर म्हणाले, पण बाई स्पर्धक नाहीत. सुभेदार म्हणाले, मग बाई बसल्या कशाला? मी म्हटलं, तुम्हीच बसवलंत की! तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला आणि मला हेडमास्तरांच्या खुर्चीत, मांडीवर पोरगी घेऊन बसलेली बघून चहा तसाच परत घेऊन गेला. गावभर झालं की शाळेत नवीन हेडमास्तरीण आली.

दुसरा उपाय असा निघाला की प्रत्येक मुलीच्या पाठीला एकेक खुर्ची बांधायची, म्हणजे सगळ्या सारख्या. त्यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली, हे मी देवाशपथ सांगते. शेवटी सुभेदारांनीच मार्ग काढला. जमिनीवर चुन्याच्या फक्कीचे गोल मारायचे. वाजायचं थांबलं की मुलींनी दोन्ही पाय गोलात ठेवायचे, हिनं दोन्ही मोठी चाकं. एक गोल कमी. ज्याला गोल नाही तो बाद. पोरगी म्हणाली, चालंल. हेडमास्तर म्हणाले, पण मग खुर्च्यांचं काय? कार्यक्रमात संगीत खुर्ची लिहिलंय आणि मंडपवाल्याला खुर्च्या सांगून झाल्यात. म्हणून ठरलं की गोलाच्या मागं एकेक खुर्ची ठेवायची, नावापुरती.

राहता राहिले मी. सुभेदारांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, तुमी गाडी हाय. गाडी इचार करत न्हाई. ती म्हनंल तिकडं जायाचं, ती म्हनंल तवा थांबायचं. सवताची अक्कल लावली की दोघी बाद." मला आयुष्यात बरंच काय काय म्हणून झालंय, पण गाडी पहिल्यांदाच. तरी मी होय म्हटलं. पोरीनंही घरी जाताना मला शपथ घातली. म्हणाली, मावशी, मला कुनी जिंकवायचं न्हाई, तू तर अजाबात न्हाई. नुस्तं खेळायचंय.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, भाषणं झाली आणि मग कळलं की हेडमास्तरांनी मंडपवाल्याला खेळाच्या खुर्च्या सांगितल्या, स्टेजवरच्या सांगायच्या राहिल्या. पाहुणे उभे. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, डेअरीचे चेअरमन, सगळे कडक खादीत उन्हात उभे आणि मैदानाच्या मधोमध रिकाम्या खुर्च्यांचं कडं. व्हायचं तेच झालं. पाहुणे जाऊन त्या खुर्च्यांवर बसले, तोंडं बाहेरच्या बाजूला, पायाशी फक्कीचे गोल. आणि त्यांच्याभोवती मुली गोल फिरणार. शेजारच्या गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, ह्यो कंचा इधी हाय?

दुसरी अडचण वाजवण्याची. लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी चालू होती आणि सुभेदारांचं म्हणणं, असलं गाणं मधेच बंद करणं म्हणजे अपमान, पूर्ण होऊ द्या. म्हणजे संध्याकाळ झाली असती. मग लेझीमवाल्यांतला हलगीवाला बोलावला आणि त्याला कडुनिंबाकडं तोंड करून उभा केला, म्हणजे कुणाची बाजू घ्यायला नको.

हलगी सुरू झाली. मी ढकलायला लागले. मैदानात खडे, चाक सारखं तिरकं व्हायचं, पोरगी ओरडायची, डावीकडं, दमानं, आता नीट. हलगी थांबली. तिनं 'आत' म्हटलं, मी दोन्ही चाकं गोलात घातली. एक मुलगी बाहेर राहिली. सुभेदारांनी गोल पायानं पुसला आणि त्यामागची खुर्ची उचलायला गेले. खुर्चीत डेअरीचे चेअरमन. सुभेदार म्हणाले, उठा. चेअरमन म्हणाले, मी कुठं खेळतोय? सुभेदार म्हणाले, गोल गेला, खुर्ची गेली, नियम म्हंजी नियम. चेअरमन उठले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, चेअरमन आऊट म्हणून. त्यानंतर प्रत्येक वेळी एक मुलगी आणि एक पाहुणा बाद व्हायला लागला आणि मैदानात अशी गर्दी जमली की काय सांगू. उरलेले पाहुणे हलगी थांबायच्या वेळी जीव मुठीत धरून बसायचे.

पण मला काहीतरी खटकायला लागलं होतं. आमची चाकं गोलाकडं वळली की तिथली मुलगी बाजूला व्हायची. दुसऱ्या वेळी एकजण गोलात आधी पोहोचलेली, आम्हाला बघून बाहेर आली आणि वर तोंड करून आपल्या आईकडं बघायला लागली. आईनं मान डोलावली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या आयांनी घरून पोरींना पढवून पाठवलं होतं, तिला जिंकू द्या. पोरगी तर माझ्या आधीच समजून चुकली होती. तिच्या मानेवरूनच मला कळत होतं.

पुढच्या वेळी हलगी थांबली तेव्हा तिनं 'आत' म्हटलंच नाही. मी गाडी, मी उभी राहिले. समोर दोन गोल रिकामे. आम्ही एका बाजूला, दुसऱ्या बाजूला दोन मुली, आणि कुणीच आत जाईना. त्या एकमेकींना म्हणतायत तू जा, तू जा, आणि दोघी मिळून हिला म्हणतायत तूच जा. सुभेदार शिट्टी मारून मारून लाल झाले. असा खेळ जगाच्या पाठीवर झाला नसेल, जिथं गोल रिकामे आणि कुणी हरायला सोडाच, जिंकायलाही तयार नाही. त्यातल्या एका गोलामागं बसलेले सोसायटीचे चेअरमन घाम पुसत म्हणाले, अगं कुनीतरी या गं, मला उटवतील.

हेडमास्तर माइककडं धावले. मला त्यांची चाल ओळखीची होती, आता 'उत्तेजनार्थ' येणार. पण पोरीनं त्याआधीच खुर्चीचे दोन्ही हात धरून स्वतःला वर ताणलं आणि मैदानाला ऐकू जाईल अशी बोलली.

"आमच्या घरी बक्षिसात मव्हरी ठेवत्यात. जिरं ठेवत्यात. म्हशीच्या गोळ्या ठेवत्यात. आता ठेवायला काय उरलं न्हाई. मला पेटी नगं. खेळायचं आसंल तर खेळा, न्हाईतर मी चालले घरी."

तिची आई बायकांत उभी होती, तिचा पदर तोंडावर गेला. मला वाटलं आता ही रडणार, आणि मीही. एवढ्यात शाळेच्या कबड्डी संघातली एक दांडगी पोरगी, जी एवढा वेळ दुसऱ्या गोलात निवांत उभी होती, तिनं ओढणी काढून कमरेला बांधली आणि म्हणाली, बरं, मंग खेळू. सुभेदारांनी ती फेरी रद्द केली आणि हलगीवाल्याला हात केला. हलगीवाल्याचं तोंड कडुनिंबाकडं, त्याला हात दिसणार कसा? शेवटी कुणीतरी जाऊन त्याला कोपर मारलं.

त्यानंतरचा खेळ खरा झाला. धक्के बसले, एकीची चप्पल तुटली, एक मुलगी आमच्या चाकाखाली येता येता वाचली आणि उठून पोरीला शिवी देऊन गेली. पोरीनंही परत दिली. सुभेदारांनी दोघींना ताकीद दिली, आणि मी तुम्हाला सांगते, ती ताकीद मिळाल्यावर पोरीचं तोंड असं फुललं होतं, जशी काय पदवीच मिळाली. सोसायटीचे चेअरमनही उठले. शेवटी उरल्या ही, ती कबड्डीवाली, एक गोल आणि गोलामागं सरपंच, ज्यांना आपणच पहिले आलो असं वाटत होतं.

हलगी लांबली. मला धाप लागलेली, तळव्यांना फोड. हलगी थांबली तेव्हा आम्ही सरपंचांच्या पाठीमागं, ती थोडी पुढं. पोरगी ओरडली, पळ मावशी! मी पळाले. इतक्या जोरात मी कधी एसटी पकडायलाही पळाले नव्हते. गोलात आम्ही आणि ती एकदमच घुसलो. सरपंचांनी घाबरून पाय वर घेतले.

सुभेदार आले. गुडघ्यावर बसले. त्या कडक इस्त्रीच्या पँटचे गुडघे फक्कीत गेले तरी त्यांना पर्वा नव्हती. कबड्डीवालीचे दोन्ही पाय आत. आमचं एक चाक आत आणि दुसरं रेषेच्या बोटभर बाहेर. चारी बाजूंनी ओरडा सुरू झाला, आत हाय, आत हाय. हेडमास्तर लांबूनच हातानं खुणा करत होते, द्या, द्या, सोडून द्या. सुभेदारांनी चाकाजवळ बोट टेकवलं, पुन्हा बघितलं आणि उठले. त्यांच्या मिशा हलत होत्या. मला वाटलं, म्हातारा विरघळला.

ते म्हणाले, "आऊट."

गर्दीतून नाराजीचा सूर निघाला, कुणी म्हणालं, काळीज हाय का दगूड. मी पोरीसमोर जाऊन वाकले. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, जाऊ दे गं बाई. तर ती माझ्यावरच फिस्कारली, "तुझ्यामुळं हरले! म्हशीवानी पळतीस!"

आणि घरी पोहोचेपर्यंत तिनं मला सोलून काढलं. वळताना मी उशीर केला, डावं म्हटलं की मी आधी बघते आणि मग वळते, कालच चाकाला तेल घालायला पाहिजे होतं, पुढच्या वर्षी मी सकाळी पळायचा सराव करायचा. मी ऐकून घेतलं. सासरी एक शब्द ऐकून न घेणारी मी, त्या दिवशी सगळं गपगुमान ऐकलं आणि मनातून हसत राहिले. हरलेली सगळी पोरं अशीच घरी जातात, कुणावर तरी खापर फोडत. तिला आजवर कुणी खापर फोडायला मिळालंच नव्हतं.

दुसऱ्या नंबरचं बक्षीस काय असणार? कंपास पेटीच. शाळेनं सगळ्यांना त्याच घेतलेल्या. निघण्याआधी स्टेजजवळ ती मिळाली तेव्हा टाळ्याही बेताच्याच पडल्या होत्या, कारण गाव सुभेदारांवर रुसलं होतं.

घरी आईनं चहा टाकला. पोरगी अजून फुरंगटून बसलेली. आईनं सवयीनं तिच्या मांडीवरून पेटी उचलली, उघडली, आतला कंपास आणि कोनमापक काढून बाजूला ठेवला, आणि फळीवरून शेंगदाण्याचा डबा घेतला.

"आई, ती ठेव खाली," पोरगी म्हणाली. "तिच्यात कायबी घालायचं न्हाई. ती मी हरून आणलीया."

आईनं डबा खाली ठेवला. कंपास परत पेटीत ठेवला, कोनमापक ठेवला, पदरानं पेटी पुसली आणि पोरीच्या दप्तरात घातली. मग माझ्यासमोर चहा ठेवला.